रोबोटला लावलेला टिक्का

शाळेत मानपत्र लिहायचं काम दरवेळी माझ्याकडेच येतं. माझं अक्षर वळणदार आहे आणि मी कोणाला नाही म्हणत नाही, ही त्याची दोन कारणं. आजवर तीन मुख्याध्यापक, एक शिपाई, एक सरपंच आणि शाळेला पंखे देणारा एक राइस मिलवाला एवढ्यांची मानपत्रं माझ्या हातून गेली आहेत. ‘आपले अमूल्य योगदान’ हे शब्द माझ्या पेनाला इतके पाठ झालेत, की मी नुसतं पेन धरून ठेवलं तरी ते उमटतील. पण या मार्चमध्ये फिटरभाऊंचं मानपत्र लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. चारही वेळा एकाच जागी अडलो.

फिटरभाऊ म्हणजे आमच्या हायस्कूलच्या रोबोट चमूचे गुरू. ते शिक्षक नाहीत. चिखल्याच्या खाणीत आयुष्यभर फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर नाकाडोंगरीत घर बांधून राहिले. शाळेच्या बोअरचा पंप बंद पडला तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. पंप सुरू केला, हात धुवायला साबण मागायला प्रयोगशाळेत डोकावले आणि कपाटाखाली सरकवलेली पाच मोठी खोकी त्यांना दिसली.

“यात काय हाय, सर?”

“रोबोटचं सामान आहे. सरकारकडून आलंय.”

“मंग बाहेर काहून नाही काढलं?”

प्रशिक्षण व्हायचंय, यादी जुळवायचीय, वेगळी खोली मिळायचीय, असं मी बरंच काही सांगितलं. खरी गोष्ट अशी होती की प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती, आणि खोकं उघडलं की त्यातलं मला काही कळणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं मी त्या खोक्यांची इमानदारीने राखण केली होती. फिटरभाऊंनी माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं, खिशातून पेचकस काढला आणि पहिल्या खोक्याची पट्टी कापली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज चार वाजता सायकलवर यायला लागले. मुलांनी सर म्हटलं की म्हणायचे, “मी सर नाही, फिटर आहो.” मग मुलं त्यांना काका म्हणू लागली आणि आम्ही शिक्षक भाऊ.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मुलांना फक्त स्क्रू कसायला आणि सोडवायला लावले. मुलं वैतागली. रोबोट कधी बनवायचा म्हणून विचारू लागली, तर म्हणाले, “रोबोट म्हणजे काय असते? स्क्रूची ग्रामसभाच. एक ढिल्ला असला का सारी सभा उधळते.” प्रोग्राम लिहिणं त्यांनाही येत नव्हतं. ते त्यांनी कबूल केलं आणि मुलांच्या बाजूला बाकावर बसून शिकले. नाकावर जाड चष्मा, समोर दोनशे पानी वही, आणि शिकवायला नववीतली एक मुलगी. चमूतल्या सात मुलांत ती सगळ्यांत तल्लख होती. तिचे वडील ट्रॅक्टर चालवतात. बोलायला फटकळ, आणि डोळ्यांत तिच्या आईने घरी पाडलेलं काजळ. “काका, इथं कंस बंद नाही केला तुमी, काल बी नव्हता केला,” असं ती त्यांना सुनवायची. ते हसून वहीत लिहून घ्यायचे.

त्यांनी खाणीतली एक पद्धत शाळेत आणली. खाणीत खाली उतरणारा आपल्या नंबरचा बिल्ला वरच्या फळीवर टांगतो, म्हणजे आत कोण आहे ते वरच्यांना कळतं. फिटरभाऊंनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून नऊ बिल्ले केले, त्यावर ठोकून आकडे उमटवले आणि भिंतीवर एक फळी मारली. ज्याने त्या दिवशी रोबोटला हात लावला, त्याने बिल्ला टांगायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काढायचा. एक नंबरचा बिल्ला त्यांनी मला दिला, कारण मी प्रमुख.

“आपोआप काही बिघडत नाही,” ते मुलांना सांगत. “कोणाचा ना कोणाचा हात लागला रायते. लागला त लागला, सांगून टाकाचं. सांगितलं का दुरुस्त होते.”

मी हे वाक्य मुलांच्या मागे उभा राहून कितीतरी वेळा ऐकलं आहे. मान डोलावून ऐकलं आहे.

त्या वर्षी डिसेंबरात नागपूरला रोबोटची स्पर्धा होती. पांढऱ्या फ्लेक्सवर आखलेल्या काळ्या रेघेवरून रोबोटने चालत जायचं, वाटेतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उचलायच्या आणि पेटीत टाकायच्या. प्रत्येकाला तीन फेऱ्या. आमचा रोबोट शाळेत अठरा-वीस वेळा न चुकता चालला होता. स्पर्धेच्या अर्जावर ‘मार्गदर्शक शिक्षक’ असा रकाना होता. तिथे शिक्षकाचंच नाव चालत होतं, म्हणून माझं घातलं. हे फिटरभाऊंनीच सुचवलं. मी एकदाच “अहो, पण...” म्हणालो आणि मग सही केली.

निघायच्या दोन दिवस आधी स्थानिक पेपरचा वार्ताहर फोटो काढून गेला. रोबोट माझ्या हातात, मुलं दोन्ही बाजूंना, फिटरभाऊ कुठेतरी कडेला अर्धे. सगळा गाव बघायला आला. आमचे भूगोलाचे सर रोबोटकडे बघून म्हणाले, “बाप्पा बाप्पा, नजर नको लागो याले.” बाकीचे हसले. मी हसलो, पण ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

इथे माझं एक कबूल करतो. मी गेली पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतो आणि मांजर आडवं गेलं तर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबतो. आईने माझ्या पहिल्या सायकलला, बीएडच्या हॉल तिकिटाला आणि लग्नातल्या माझ्या बुटाला काजळाचा टिक्का लावला होता. तिन्ही गोष्टी सुरळीत पार पडल्या. मनातून ते जात नाही.

शनिवारी अर्धी शाळा होती. दुपारी त्या नववीतल्या मुलीने शेवटची तपासणी केली, आपला बिल्ला टांगला आणि ती घरी गेली. फिटरभाऊ जादा बॅटरी आणायला तुमसरला गेले होते. प्रयोगशाळेत मी एकटा. काजळाची डबी तर जवळ नव्हती. पण मेणबत्तीच्या ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली की काजळी जमते, हे आठवीच्या पोरांना मीच करून दाखवतो. तसंच केलं. काजळी बसायला तेल हवं, म्हणून फिटरभाऊंच्या कुपीतल्या मशीनच्या तेलाचा एक थेंब घेतला. झकास टिक्का तयार झाला. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या साधनांनी इतकं शास्त्रशुद्ध काजळ क्वचितच कोणी पाडलं असेल.

आता तो लावायचा कुठे? लहान मुलाला आपण कानामागे लावतो, दिसू नये म्हणून. फिटरभाऊंच्या घरात त्यांच्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नजर, उतारा, गंडा यांतलं काही नाही. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी मला पोरांसमोर काही म्हटलं नसतं, पण त्यांच्या नुसत्या बघण्याने मी शरमलो असतो. रोबोट कपाटाला टेकवून उभा होता, चाकांवर भार पडू नये म्हणून ते त्याला तसाच ठेवायचे. पोट माझ्याकडे. पुढच्या बाजूला त्याला दोन गोल चकचकीत नळकांड्या होत्या, हुबेहूब डोळे. ते मी सोडले. पोटाच्या एका कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, अनामिकेने टिक्का टेकवला. हात जोडले. बशी धुऊन ठेवली.

बिल्ला टांगला नाही. मी काही रोबोटला हात लावला, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या दोन नळकांड्या समोरचं अंतर मोजतात. रेघ बघणारे खरे डोळे पोटाखाली असतात, मुगाच्या दाण्याएवढे दोन मणी, जमिनीकडे तोंड करून. हे सातही मुलांना ठाऊक होतं. मार्गदर्शक शिक्षकाला नव्हतं.

नागपूरला पहिल्या फेरीत रोबोट रेघेवर ठेवला, शिट्टी झाली, आणि तो डावीकडे वळला. वळला तो वळतच राहिला, तेलाच्या घाण्याला जुंपल्यासारखा. त्याला त्या बाजूला सगळीकडे काळंच दिसत होतं, म्हणजे रेघच रेघ. दुसऱ्या फेरीतही तेच. शेजारच्या शाळेची मुलं तोंडावर हात ठेवून हसत होती. फिटरभाऊंनी रोबोट उलटा केला, पोटावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, ते नाकाशी नेलं. मग कापसाने तो मणी पुसला. कापूस काळा झाला.

मग त्यांनी मान वर करून मुलीच्या डोळ्यांकडे पाहिलं. एक क्षणभर. तिच्या काजळाकडे.

मी ते पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं तेही मला त्याच क्षणी कळलं, कारण शनिवारच्या फळीवर तिचा एकटीचाच बिल्ला होता.

तिसऱ्या फेरीत रोबोट असा धावला की परीक्षकही टाळ्या वाजवायला लागले. पण दोन फेऱ्यांचे गुण गेले होते. मुलांना एकत्र करून फिटरभाऊ म्हणाले, “माझ्याच्यानं साफ कराचं राहून गेलं. माझी चूक.” मी तोंड उघडलं. त्यातून निघालं ते हे, की चला, भूक लागली असेल, वाटेत मौद्याला समोसे खाऊ.

तिथे बोलायला काय झालं होतं? पुष्कळदा मी स्वतःला हे विचारलं. टिक्क्यावर मुलं हसली असती, ते मी सोसलं असतं. पण ‘सर, तुमाले रोबोटचे डोळे कुठं असतात ते ठाऊक नव्हतं?’ हा प्रश्न कोणीतरी विचारला असता. प्रमाणपत्रावर माझं नाव छापून आलं होतं. मी घाबरलो, आणि एकदा घाबरलो की रोज नव्याने घाबरावं लागतं.

फिटरभाऊ मुलीला एका शब्दानेही काही बोलले नाहीत. फक्त शेवटची तपासणी दुसऱ्या मुलाकडे दिली. मुलांना तेवढं पुरलं. “काजळ कमी लाव वो, रोबोट आंधळा होते,” असं तिला वर्गात ऐकवू लागले. तिने काजळ लावणं सोडलं. मग चार वाजता थांबणं सोडलं. मला भेटून म्हणाली, सर, पुढच्या वर्षी दहावी आहे, अभ्यासाला वेळ पाहिजे. मी म्हणालो, छान, चांगला कर अभ्यास.

पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांचा चमू नागपुरात दुसरा आला. पुन्हा माझं नाव, पुन्हा फोटो. आणि त्यानंतर वर्षभराने, या मार्चमध्ये, फिटरभाऊ निघाले होते. त्यांची मुलगी जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला आहे, तिला क्वार्टर मिळालं आहे आणि लेकरू लहान आहे. तिथून रोज शाळेत येणं जमणार नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, मानपत्र मस्त झालं पाहिजे. मी लिहिलं, ‘आपण मुलांना शिकवलं की आपोआप काही बिघडत नाही.’ पुढे पेन चालेना. चौथा कागद फाडला, आणि रविवारी सकाळी गाडी काढून नाकाडोंगरीला गेलो.

ते पडवीत बसून हत्यारं जुन्या पेपरात गुंडाळत होते. “जय भीम, सर. या ना जी, बसा,” म्हणाले आणि पेपरचं एक पान माझ्याकडेही सरकवलं. मी एक पाना गुंडाळला, मग पक्कड गुंडाळली. मग सांगितलं. मेणबत्ती, बशी, मशीनचं तेल, सगळं. शनिवार, बिल्ला, नागपूर.

त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

“टिक्का तुमी लावला?”

“हो, भाऊ.”

“रोबोटले?” त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं. “सर, रोबोटले नजर नाही लागत. कचरा लागते.”

मीही हसणार होतो. तेवढ्यात ते हसू त्यांच्या तोंडावरून उतरलं.

“मंग पोरीनं काहीच केलं नव्हतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“अन् तुमाले ठाऊक होतं, का मले तिच्यावर शक आला.”

“हो.”

मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. मला ते सोपं गेलं असतं. पण ते उठून आत गेले आणि खुंटीवरचा सदरा चढवत बाहेर आले. म्हणाले, “मी पोराइले सांगत होतो, हात लागला त सांगाचं. पण सांगाले कोणी विचारलं बी पायजे ना. मी विचारलंच नाही. चला, गाडी काढा.”

ट्रॅक्टरवाल्याच्या त्या मुलीचं घर तिथून दोन किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि ती काठीने ती पसरत होती. आता ती तुमसरला अकरावीत आहे. आम्हा दोघांना एका गाडीवर बघून तिला आधी वाटलं, कोणीतरी मेलं. तिच्या आईने खाट टाकली. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा समोशाकडे वळलो असतो.

तिने काठी खाली ठेवली नाही. माझं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांना म्हणाली, “काका, तुमी मले विचारलं काहून नाही?”

“चुकलो,” ते म्हणाले.

“विचारलं असतं त मी नाही म्हटलं असतं. मानाचं का नाही, थे तुमच्यावर होतं. पण विचाराचं होतं.”

“चुकलो, पोरी.”

ते एवढंच म्हणाले. ज्याने आम्हा सगळ्यांना उभं केलं, तो माणूस मोहाच्या फुलांत उभा राहून सोळा वर्षांच्या मुलीसमोर दोनदा चुकलो म्हणाला, आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला वाटलं होतं, सांगितलं की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. ते त्यांच्या खांद्यावर गेलं.

मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुमी घरी येऊन सांगितलं, बरं केलं. पण घरात कोणी म्हणत नव्हतं का मी बिघडवला. शाळेत म्हणत होते. माझा भाऊ आठवीत आहे, त्याले आजून बी चिडवून राहिले.”

“मानपत्रात लिहितो,” मी म्हणालो.

“मानपत्रात कोणी चुका लिवते का?” तिने विचारलं.

“लिवते,” फिटरभाऊ म्हणाले. “माझं कौतुक दोन ओळी कमी करा, सर. हे टाका.”

सोमवारी मुख्याध्यापिकांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, की फ्रेम करून द्यायच्या मानपत्रात माफीनामा बसत नाही. शेवटी असं ठरलं की फ्रेममध्ये नेहमीसारखं मानपत्र जाईल आणि मी वेगळ्या कागदावरून वेगळं वाचेन. “पण सर,” त्या म्हणाल्या, “मेणबत्तीचं आठवीच्या पोरांसमोर वाचालच का?” मी म्हणालो, तेच वाचायचं आहे.

कार्यक्रम पटांगणात झाला. मंचावर फिटरभाऊ, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, समोर टेबलावर आमचा जुना रोबोट दाखवायला ठेवलेला. अकरावीतली ती मुलगीही आली होती. आईबरोबर सगळ्यांत मागे, कडुनिंबाखाली उभी होती. मी फ्रेममधलं वाचलं. टाळ्या झाल्या. मग खिशातला कागद काढला आणि वाचायला लागलो. बशी आणि मेणबत्तीपर्यंत आलो तसा आठवीचा वर्ग खदखदू लागला. मशीनच्या तेलावर भूगोलाचे सर वाकून हसले. मी थांबलो नाही. नागपुरात काय झालं, कोणावर शक गेला, कोण गप्प राहिलं, सगळं नाव घेऊन वाचलं, माझंही आणि तिचंही. हळूहळू हसणं थांबलं. इतकं, की माझा आवाज मलाच मोठा वाटू लागला.

“आणि मी तो टिक्का रोबोटच्या उजव्या डोळ्यावर लावला,” मी वाचलं.

“डावा होता, सर,” मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तीच बोलली होती. “तो डावीकडे फिरत होता, मंग डावाच झाकला असन ना. पोट तुमच्याकडे होतं, म्हणून तुमाले उजवा वाटला.”

मी फिटरभाऊंकडे पाहिलं. त्यांनी बोटांनी हवेत रोबोट उलटा करून पाहिला. “बराबर आहे,” ते म्हणाले. “डावाच. ये समोर, दाखव याइले.”

ती आली. मुलांच्या रांगांमधून चालत आली, रोबोट उचलला, उलटा केला आणि पुढच्या रांगेतल्या मुलांसमोर धरला. हे डोळे, ते नाही, असं सांगू लागली. एका मण्यावर बोट ठेवून विचारलं, आता हा कुठं वळन? तिघांनी तीन उत्तरं दिली. ती म्हणाली, अंदाजाने बोलू नका, आधी बघा त्याला काय दिसते. फिटरभाऊंनी शाल काढून खुर्चीवर टाकली, नारळ शालीवर ठेवला आणि खाली उतरून मुलांमध्ये उकिडवे बसले.

माझ्या कागदावर अजून अर्धं पान शिल्लक होतं. शेवटचा परिच्छेद मी बरा लिहिला होता. मुख्याध्यापिकांनी मला खुणेने विचारलं, पुढे? मी नकारार्थी मान हलवली, आणि माइक बंद करून तिला काय दिसतं आहे ते बघायला खाली उतरलो.